चारशे बारा हरकती

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

काल सिस्टरनी मला विचारलं, "तुझ्या घराचा केस पेपर कुठे आहे गं?" त्याचं उत्तर शोधत आज सकाळी तुला लिहायला बसले आहे.

सिस्टर म्हणजे आमच्या प्रभागाच्या नगरसेविका. तू लग्न करून गेलीस तेव्हा त्या दवाखान्यात नव्यानेच इंजेक्शनं द्यायला लागल्या होत्या, असं बाबा सांगतात. निवडून येऊन आठ वर्षं झाली तरी त्यांना कुणी मॅडम म्हणत नाही. रस्त्यात त्या दिसल्या की म्हातारी माणसं अजून नकळत दंड चोळतात. कार्यालयही जुन्या दवाखान्याच्याच खोलीत आहे. कोपऱ्यात वजनकाटा तसाच उभा आहे आणि कामाची पद्धतही तीच. प्रत्येक घराचा एक केस पेपर. घरात माणसं किती, कुणाचं पेन्शन अडलंय, पाणी किती वाजता येतं, सगळं त्यावर. कुणी गटाराची तक्रार घेऊन आलं तरी सिस्टर आधी विचारतात, झोप लागते का? माणूस बसतो, सांगतो, मग गटाराकडे वळायचं. मी इथे सात महिने काम करते आहे, पण मला हे जमलेलं नाही. मी थेट गटारावर जाते.

सध्या मात्र गटारं मागे पडली आहेत. विमानतळाला दुसरी धावपट्टी हवी आहे. नकाशात तिची रेघ शाळेच्या आणि आपल्या तीन गल्ल्यांच्या डोक्यावरून जाते. घरं पाडणार नाहीत, फक्त विमानं छपरांच्या इतक्या जवळून जातील की वाळत घातलेले कपडे हलतील. महिनाअखेरपर्यंत लोकांनी लेखी हरकती द्यायच्या आहेत. सिस्टर म्हणाल्या, प्रत्येक घराची वेगळी हरकत हवी. लोक म्हणाले, आम्हाला कुठे अर्ज लिहिता येतो. मी म्हटलं, मी देते लिहून.

आत्या, पदवीचा इतका चांगला उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. शिंपीणकाकू सांगतात, "विमान आलं की नातू दूध सोडून रडायला लागतो." मी लिहिते, 'ध्वनिप्रदूषणामुळे अर्भकांच्या पोषणावर विपरीत परिणाम होत आहे.' वाचून दाखवलं तर काकू थक्क. म्हणाल्या, अगं बाई, मी एवढं छान बोलले? माणसं सही करतात तेव्हा त्यांची मान ताठ होते. ते बघून मला बरं वाटतं.

आपल्या घराचा मात्र केस पेपर नाही आणि हरकतीचा कागदही कोरा आहे. बाबा सव्वीस वर्षं त्याच विमानतळावर सामानाच्या गाड्यांचा ट्रॅक्टर चालवतात. मी शिकले ती त्याच ट्रॅक्टरवर. त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने कागद ठेवू? त्यांना सगळं माहीत आहे. मी विषय काढला की "हं" म्हणतात आणि रेडिओ मोठा करतात. त्यांना फक्त माझ्या नेमणुकीच्या पत्राची वाट आहे. जिल्हा कार्यालयाची लेखी परीक्षा मी पास झाले, आता चारित्र्याची पडताळणी झाली की मार्चमध्ये पत्र. त्यांनी न्हाव्यालासुद्धा सांगून ठेवलं आहे.

लहानपणी रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून ते कुंपणापाशी न्यायचे. डोळे मिटायचे आणि नुसत्या आवाजावरून विमान ओळखायचे. म्हणायचे, हे तुझ्या आत्याने शिकवलंय. खरं का?

तुझी,
ठकी


२३ जानेवारी

ठके,

पत्र पोचलं. बरं केलंस लिहिलंस, फोनवर आता मला समोरच्याचा नुसता श्वास ऐकू येतो. डॉक्टर म्हणतो वयामुळे. मी म्हणते, विमानाखाली वाढलेल्या कानांनी इतकी वर्षं काढली हेच खूप.

हो, बाळ्याला मीच शिकवलं. म्हणजे तुझ्या बापाला. त्याला आता बाळ्या म्हटलेलं चालतं का ते विचार. तेव्हा दिवसात दोनच विमानं यायची. सकाळचं गेलं की आई तवा ठेवायची आणि संध्याकाळचं आलं की आम्हाला खेळातून हाक मारायची. घरात घड्याळ नव्हतं, लागतही नव्हतं. एखाद्या दिवशी विमान चुकलं की सगळी गल्ली उपाशी.

आम्ही दोघं पत्र्यावर उताणे पडून वाट बघायचो. तो म्हणायचा, मी विमान चालवणार. पुढे ट्रॅक्टरवर लागला तेव्हा मी चिडवलं, तर म्हणाला, "ताई, रोज त्याला हात तरी लावायला मिळतो."

आणि ते थांबणं अजून आहे का गं गल्लीत? विमान डोक्यावर आलं की बोलणारा वाक्याच्या मध्ये थांबायचा, विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे. भांडणंसुद्धा तशीच व्हायची. अर्धी शिवी विमानाआधी, अर्धी नंतर. मी सासरी आले तर इथे विमानच नाही, पण सकाळची ती वेळ झाली की मी बोलता बोलता गप्प. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, सूनबाई चांगली आहे पण मध्येच बंद पडते. चौतीस वर्षं झाली. अजून कधीतरी पडते.

तुझ्या अर्जांचं वाचून ऊर भरून आला. आपल्या घरात कुणी असं लिहिलं नव्हतं. साहेब वाचेल आणि खुर्चीतून उठेल बघ. भरपूर लिही, चांगलं जड जड लिही.

बाळ्याला छेडू नकोस. तो बोलेल तेव्हा बोलेल.

आत्या


९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बाबांना विचारलं. म्हणाले, बाळ्या म्हणायचा हक्क फक्त तिला आहे. आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

थांबणं अजून आहे. आता दर चार मिनिटांनी थांबतो. शाळेतल्या बाई फळ्यावर खडू टेकवून उभ्या राहतात आणि मुलं बाईंच्या तोंडाकडे बघत बसतात.

इकडे एक अडचण झाली आहे. आम्ही चारशे बारा हरकती दिल्या. मी आणि सिस्टर गठ्ठे छातीशी धरून गेलो होतो. सुनावणी घेणाऱ्या साहेबांचं गेल्या आठवड्यात उत्तर आलं. समान मजकुराच्या हरकती एकच धरण्यात येतील असा नियम आहे. त्यांच्या माणसांनी छाननी केली आणि चारशे बाराच्या तीन झाल्या. आवाज, आरोग्य, शिक्षण. कार्यालयात लिहिताना काहीशी गफलत झाली, असं म्हणता येईल.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मागच्या निवडणुकीत सिस्टरसमोर पडलेले गृहस्थ आता घरोघर सांगत फिरताहेत की बाईंनी कार्यालयात बसून एका हाताने सगळं खरडलं, सह्यासुद्धा खोट्या. लोक बावरले आहेत. शिंपीणकाकू माझ्याकडे न बघता निघून गेल्या. शनिवारी सिस्टरनी शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बोलावलं आणि सरळ सांगितलं, चूक माझ्या कार्यालयाची आहे. मागून कुणीतरी ओरडलं की कार्यालय म्हणजे कोण, भिंती का? सिस्टर म्हणाल्या, "कार्यालय म्हणजे मी."

सोमवारी त्या साहेबांच्या दाराबाहेर घडीचं स्टूल टाकून सकाळपासून बसल्या. स्वेटर विणत होत्या. साहेब जेवायला बाहेर पडले तेव्हा एक बाही झाली होती, परत आले तेव्हा दुसरी सुरू होती. शेवटी त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत वाढवली, पण एका अटीवर. आधीच्या चारशे बारा हरकती मागे घ्यायच्या आणि त्या कुणी लिहिल्या, का लिहिल्या याचं प्रतिज्ञापत्र त्या माणसाने स्वतः द्यायचं. ते मिळालं नाही तर नवीन हरकतीही त्याच साच्यातल्या समजून बाजूला ठेवणार.

सिस्टर म्हणतात, प्रतिज्ञापत्र मी देते. ते गृहस्थ त्याचीच वाट बघत असणार. बाईंनी स्वतः लिहून दिलं की त्यांना पदावरून काढा म्हणून अर्ज करायला ते मोकळे. पण कार्यालयाच्या प्रमुख म्हणून त्यांनीच देणं बरोबर, असं सगळ्यांचं मत आहे. बाबांच्याही कानावर गेलं आहे. म्हणाले, तू कुठेही सही करू नकोस, तुझी पडताळणी व्हायची आहे. त्यांचंही खरं आहे ना?

ठकी


१६ फेब्रुवारी

ठके,

पत्र दोनदा वाचलं. कुणाकडून गफलत झाली ते त्यात कुठे नाही. पहिल्या पत्रात 'मी लिहिते, मी देते', आणि ह्यात 'कार्यालयात', 'म्हणता येईल'. तू लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही म्हणाली होतीस, बरणी फुटली. मी तेव्हाही विचारलं नव्हतं, आत्ताही विचारत नाही.

पण मागच्या वेळी माझीही एक चूक झाली. तुझं अर्जांचं वाचलं तेव्हाच मला एक गोष्ट आठवली होती. तुझा हुरूप मोडेल म्हणून लिहिली नाही, वर जड जड लिही म्हणून सांगितलं. ती आता सांगते.

आपली घरं आधी कुठे होती माहीत आहे? जिथे आज धावपट्टी संपते तिथे. बाळ्या तेव्हा रांगत होता. माणसं येऊन म्हणाली, तुम्हाला इथून उठावं लागेल, तुमचं काय म्हणणं आहे ते लिहून द्या. लिहिता कुणाला येत होतं? जवळच एक कारकून राहायचा. माणूस देवासारखा. तुझे आजोबा आणि बाकीचे सगळे त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांचं म्हणणं एकच होतं, नव्या जागी आधी विहीर खणून द्या. तो म्हणाला, नुसती विहीर मागितली तर गावंढळ वाटेल, मी नीट लिहितो. आणि त्याने लिहिलं, 'तरी आमची योग्य ती सोय व्हावी.' वाचून दाखवलं. सगळ्यांना आवडलं. आजोबांनी अंगठा दिला.

योग्य ती सोय झाली. तीस घरांना एक तोटी, तीही चढावर. आई पाच वर्षं त्या चढावर हंडे घेऊन चढली. तिचा गुडघा तेव्हा गेला तो गेलाच. कुणी विचारायला गेलं की साहेब कागद दाखवायचा. यात विहीर कुठे आहे?

कारकून फसवणारा नव्हता गं, म्हणून तर आजोबांना त्याच्यावर चिडताही येईना. तो पुढे रोज संध्याकाळी आपल्या गल्लीत यायचा आणि आम्हा पोरांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावायचा. मी तुला पत्र लिहू शकते ती त्याच्यामुळे. पण ते वाक्य माझ्या हातचं होतं, असं तो मरेपर्यंत कुणाच्या तोंडावर बोलला नाही. आजोबा वाट बघत राहिले. तो येऊन एकदा म्हणाला असता तर त्यांनी त्याला पाणी दिलं असतं आणि विषय संपला असता. तो अक्षरंच शिकवत बसला.

बाळ्याचं काय बरोबर आणि सिस्टरचं काय, ते मी सांगणार नाही. तुला पडताळणीची काळजी आहे, मला ती कळते. नोकरी लहान गोष्ट नाही, आपल्या घरात तर नाहीच.

औषध वेळेवर घेते आहे. काळजी नसावी.

आत्या


१ मार्च

प्रिय आत्या,

बरणी मी फोडली होती. आणि चारशे बारा हरकती मी लिहिल्या. सिस्टरनी मला दोनदा सांगितलं होतं की लोक बोलतात तसं लिही. मी मनात म्हटलं, ह्यांना कुठे भाषा कळते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आमची दुसरी फेरी सुरू होती. सिस्टरनी नियम घातला होता. ज्याला येतं त्याने स्वतः लिहायचं, चुका असल्या तरी. ज्याला येत नाही त्याने सांगायचं, मी तेच लिहायचं, वाचून दाखवायचं आणि मग सही. पहिल्या दिवशी निम्म्या दारांतून परत फिरले. एकदा दिली ना सही, आता काय घर लिहून देऊ, असं एक आजोबा म्हणाले. शिंपीणकाकूंनी तर दार अर्धंच उघडलं. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की काकू, तुमचं बोलणं मी बदललं होतं, माझं चुकलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं विमान आलंय म्हणून, पण विमान नव्हतं. मग म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं, यात माझा नातू कुठे आहे. पण तू शिकलेली, म्हणून बोलले नाही." आणि दार उघडलं.

आत्या, काय काय लिहिलंय लोकांनी. एका आजींनी सांगितलं की त्यांचा नवरा शेवटी काय म्हणाला ते विमानामुळे त्यांना ऐकूच आलं नाही. अकरा वर्षं त्या अंदाज करताहेत. शाळेतल्या बाईंनी आठवडाभर मोजलं, रोज त्यांची एक अख्खी तासिका नुसती थांबण्यात जाते. एक पोस्टमन म्हणाला, कुत्र्यांना माझी चाहूल लागत नाही, ती दचकतात आणि चावतात. हे मी जानेवारीतही ऐकलं होतं. तेव्हा त्याचं मी 'सार्वजनिक आरोग्यास बाधा' केलं होतं. ऐकताना हसले होते, आणि लिहिताना तेच गाळलं होतं.

सव्वीस तारखेला मी दमून घरी आले आणि पिशवी टेबलावर ठेवली. बाबा जेवत होते. म्हणाले, किती घरं राहिली? मी म्हटलं, सतरा. म्हणाले, आपलं धरून का? मी म्हटलं, धरून. त्यांनी हात धुतले, रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "घे कागद."

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं तुला लिहिते. 'मला विमानं आवडतात. मी सव्वीस वर्षं त्यांचं सामान ओढतो. माझी हरकत विमानाला नाही. माझी मुलगी घरी आल्यावर दिवसभराचं सांगते तेव्हा तिचं अर्धं बोलणं मला ऐकू येत नाही. मी हं म्हणतो. तिला वाटतं मला पटलं नाही. अजून एक धावपट्टी झाली तर उरलेलं अर्धंही जाईल.'

ते म्हणाले, लिहिलंस का? वाचून दाखव. मी वाचलं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. सव्वीस नाही, सत्तावीस कर. मग लगेच म्हणाले, पण ती जूनमध्ये होतील, सव्वीसच ठेव, खोटं नको. मग सही केली.

सत्तावीस तारखेला दहा वाजता साहेबांचं कार्यालय उघडलं तेव्हा मी दारात होते. सिस्टर साडेअकराला येणार होत्या, त्यांचा कागद टाईप होऊन तयार होता. माझा मी घरूनच हाताने लिहून नेला होता. 'या चारशे बारा हरकतींमधली वाक्यं माझी आहेत, सह्या लोकांच्या आहेत. लोकांनी वेगवेगळं सांगितलं, ते मला पुरेसं चांगलं वाटलं नाही म्हणून मी बदललं. नगरसेविकांनी मला तसं करायला सांगितलं नव्हतं.' साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, कुणी दबाव टाकला आहे का? मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, वकील बघितला का? मी पुन्हा नाही म्हटलं. माझी सही झाली, शिक्का बसला.

सिस्टर आल्या, तेव्हा मी पायरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा दंड धरला, सवयीने असेल, आणि विचारलं, काल झोप लागली का गं? मी सांगितलं, लागली नाही. म्हणाल्या, आज लागेल. मग त्यांनी स्वतःचा टाईप केलेला कागद चार तुकडे करून पर्समध्ये ठेवला.

काल मुदत संपली. नवीन हरकती तीनशे अठ्ठ्याण्णव, या वेळी आपली धरून. पंधरा घरांनी शेवटपर्यंत दिली नाही, त्यांचा राग अजून गेलेला नाही. साहेबांच्या माणसाने एकेक वाचून आकडे घातले, आणि एकही दुसऱ्यात मिसळली नाही. एप्रिलमध्ये सुनावणी आहे. धावपट्टी थांबेल की नाही ते मला माहीत नाही. पण या वेळी विहीर मागितली आहे, आणि कागदावर विहीरच लिहिली आहे.

बाबांना प्रतिज्ञापत्राचं मी काल रात्री जेवताना सांगितलं. घास हातात तसाच राहिला. तो ताटात ठेवून त्यांनी विचारलं, नेमणुकीच्या फायलीपर्यंत हे जाऊ नये, एवढं तरी बघता येईल का?

मी म्हटलं, बाबा, त्याची एक प्रत मी आज दुपारीच जिल्हा कार्यालयाच्या खिडकीत दिली, पोच घेऊन आले.

तुझी,
ठकी